विद्यार्थ्यांचे फावडे आणि गावाचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या आणि थंडी पडू लागली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील एखाद्या जिरायती गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर, एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्यातून सतरंज्या, भांडी, घमेली, टिकाव आणि फावडी उतरविली जातात. शाळेच्या भिंतीवर राष्ट्रीय सेवा योजनेचा फलक लागतो. पुढचे सात दिवस पहाटेची प्रभातफेरी, सकाळचे श्रमदान, दुपारचे बौद्धिक आणि रात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम असा क्रम चालतो. ओढ्यात दगडमातीचा एक बांध उभा राहतो. समारोपाच्या दिवशी सरपंच, संस्थेचे पदाधिकारी आणि जवळच्या साखर कारखान्याचा एखादा संचालक यांची भाषणे होतात, नारळ आणि शाल दिली जाते, आणि टेम्पो आला तसा परत जातो.

या चित्रात हसण्यासारखे काही नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्याने आयुष्यात कधी घमेले उचलले नाही अशा मुलाच्या हाताला फोड येतात, ज्या मुलीला घराबाहेर मुक्कामाला जाण्याची परवानगी प्रथमच मिळालेली असते ती मुलगी परक्या गावात चार घरी जाऊन बोलते, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसून जेवतात. यातील एकही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु त्या शिबिरातील एखाद्या चौकस विद्यार्थ्याने चौथ्या दिवशी फावडे खाली ठेवून जर विचारले, "या बांधाने अडलेले पाणी मुरेल कोणाच्या विहिरीत?" तर त्याला उत्तर कोण देणार? कार्यक्रम अधिकाऱ्याजवळ बहुधा ते नसते. सरपंचाजवळ ते असते, पण तो ते समारोपाच्या भाषणात सांगत नाही. विद्यार्थ्यांची समाजसेवा ही सामाजिक परिवर्तनाची पहिली पायरी ठरणार की प्रस्थापित व्यवस्थेची विनामूल्य डागडुजी, याचा निर्णय त्या एका प्रश्नावर होतो. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या भूमीत विशेष तीव्रतेने उभा राहतो, याचे कारण या तालुक्यांचा इतिहास. बाहेरच्या माणसाच्या मनात बारामती म्हटले की ऊस, द्राक्षे, कारखाने आणि शिक्षणसंस्था येतात. हे चित्र खरे आहे, पण अर्धे. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. येथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरीप्रमाणे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनची जी वाताहत केली, तिच्यानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. उद्देश असा की, अवर्षणाच्या वर्षी शक्य तितक्या गावांच्या ज्वारी-बाजरीला एखाददुसरे पाणी मिळावे आणि माणसे व जनावरे तगावीत. तो दुष्काळनिवारक कालवा होता. पण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेईनात आणि कालव्याचा खर्च निघेना. मग सासवडकडचे माळी शेतकरी आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन उसाचे मळे फुलविले, आणि कालव्याला बारमाही गिऱ्हाईक मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉकची पद्धत आणली. उसाचे क्षेत्र मर्यादित राहावे आणि पाणी अधिक गावांत विभागले जावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे सहकारी साखर कारखाने आले. त्यांनी शेतकऱ्याला खाजगी व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडविले, हे त्यांचे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु त्यांच्याबरोबर उसाची भूकही वाढली.

परिणाम काय झाला? ज्या कालव्याचा जन्म दुष्काळग्रस्तांसाठी झाला, तो कालांतराने उसाचा कालवा झाला. कालव्याखालच्या गावात दुमजली माडी आणि कालव्याच्या वरच्या अंगाला, काही मैलांवर, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वस्ती, असे दृश्य या तालुक्याने पिढ्यान्पिढ्या पाहिले. सुपे परगण्याच्या बाजूची जिरायती गावे पाण्यासाठी जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांकडे डोळे लावून बसली.

इंदापूरची कथा थोडी निराळी, पण तात्पर्य तेच. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील नदीकाठची सुपीक जमीन आणि जुनी गावठाणे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर आजही वर येते आणि लोक ते पाहायला जातात. भिगवणला परदेशी पक्षी पाहायला शहरातून गाड्या येतात. पण जलाशयाच्या काठी मोटारी बसवून ज्यांनी पाणी उचलले, त्यांची शेते हिरवी झाली आणि त्याच तालुक्यातील आतल्या अंगाची गावे कोरडी राहिली. २०२२ साली लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हा उजनीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातून विरोधाचा आवाज उठला. दोन्ही बाजूंना तहानलेले शेतकरीच होते. पाणी एकच, आणि ते कोणी किती घ्यावे याचा सर्वांना मान्य झालेला नियम नाही, हे त्या वादाचे मूळ होते.

या इतिहासातून अर्थशास्त्राचा एक साधा धडा मिळतो. कोणतेही बांधकाम, मग ते धरण असो वा विद्यार्थ्यांनी घातलेला वीस फुटी बांध असो, स्वतःहून समताही आणत नाही आणि विषमताही आणत नाही. त्याचे फळ कोणाच्या पदरात पडेल हे वाटपाचा नियम ठरवितो. आणि नियम आधी ठरविला नाही, तर तो जमिनीची मालकी, विहिरीची खोली आणि मोटारीची ताकद यांच्याकडून आपोआप ठरतो. बांधाने अडलेले पाणी जमिनीखाली जाते. जमिनीखालचे पाणी ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा त्याचे होते. भूमिहीनाच्या वाट्याला त्यातील थेंबही येत नाही. फार तर त्या पाण्यावर पिकलेल्या उसात मजुरी मिळते. विद्यार्थ्याचा घाम असा नकळत एखाद्या बागायतदाराच्या खात्यावर जमा होतो.

मग विद्यार्थ्यांच्या सेवेमागे मूळ कल्पना काय होती? ती एवढी तोकडी नव्हती. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या स्वेच्छासेवेचा पुरस्कार केला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली. त्यानंतर सैयदेन यांनी इतर देशांतील अनुभव अभ्यासून सक्तीऐवजी स्वेच्छेचा मार्ग सुचविला. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि एक विशेष शिबिर हा तिचा सांगाडा आजही कायम आहे. विद्यार्थ्याने समाजाला काही द्यावे एवढाच यामागचा विचार नव्हता. समाजाच्या जीवनाला भिडून त्याने स्वतः शिकावे, त्याचे शिक्षण पुरे व्हावे, हा विचार होता. विद्यार्थी गावाला शिकवायला जात नसून गावाकडून शिकायला जातो, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना मात्र फलकाच्या मागे कोठेतरी हरवली.

महाराष्ट्रात या कल्पनेला योजनेच्याही आधीची परंपरा आहे. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने सेवापथके काढली, शिबिरे घेतली, आणि त्याच प्रवाहातून अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहणारे तरुण घडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाची सांगड थेट शिक्षणाशी घातली. त्यांच्याकडे श्रम करणारा विद्यार्थी कोणावर उपकार करीत नव्हता, तो स्वतःच्या शिक्षणाचा खर्च स्वतःच्या हाताने उभा करीत होता. १९६७ पासून बाबा आमटे यांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविली आणि हजारो मुलामुलींना श्रमाची प्रतिष्ठा शिकविली. १९७२ साली डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली, तेव्हा तरुण कार्यकर्ते गावोगाव हिंडले. त्यांच्या हातात फावडी नव्हती. गावात पाणवठे किती, दलितांना त्यांपैकी कोणत्यावर पाणी भरू दिले जाते, एवढेच ते विचारीत होते. पण त्या साध्या विचारण्याने गावे ढवळून निघाली, कारण विहीर कोणी खणली यापेक्षा तिच्यावर कोणाला चढू देतात हा प्रश्न अधिक मूलगामी होता.

त्याच काळातील आणखी एक प्रसंग अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राने पाहिला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. त्याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेने दुष्काळाविरुद्ध युवक या सूत्राखाली शिबिरे भरविली. एका बाजूला खडी फोडून पोट भरणारी लक्षावधी माणसे, आणि दुसऱ्या बाजूला विनामोबदला माती उचलणारे विद्यार्थी. भावना उदात्त होती, यात संशय नाही. पण ज्या प्रदेशात कामाची टंचाई हाच दुष्काळाचा खरा अर्थ असतो, तेथे फुकट केलेले काम हे दुसऱ्या कोणाच्या तरी मजुरीचे काम असू शकते, ही गोष्ट त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली. त्या दुष्काळाचे चिरस्थायी फळ विद्यार्थ्यांनी उचललेल्या मातीतून आले नाही. ते वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेच्या रूपाने आले. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि शहरातील पगारदार व व्यावसायिकांच्या करातून खेड्यातील मजुराला कामाचा हक्क मिळाला. दयेची जागा हक्काने घेतली, हेच खरे परिवर्तन. पुढे २००५ साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला.

यातून एक नियम निघतो. ज्या कामावर गावातील मजुराला मजुरी मिळण्याचा हक्क आहे, ते काम विद्यार्थ्यांनी फुकट करू नये. एखाद्या भूमिहीन बाईला हजेरीपटावर नाव लागून जे काम मिळाले असते, ते सात दिवसांत शंभर विद्यार्थ्यांनी उरकले, तर तिच्या घरातील चूल त्या सेवेने विझते. विद्यार्थ्याने तिच्या शेजारी उभे राहून टिकाव जरूर चालवावा, श्रम काय असतात हे जाणून घ्यावे. परंतु त्याने मुख्यतः करावयाचे काम निराळे आहे. तिचे नाव हजेरीपटावर आहे काय, कामाचे माप बरोबर घेतले गेले काय, मजुरी वेळेवर मिळाली काय, हे वाचून तिला सांगण्याचे ते काम आहे. गावात फावडे चालवू शकणारे हात शेकड्यांनी आहेत. माप, हिशेब आणि सरकारी कागद न भिता वाचणारी, आणि गावातील कोणत्याही गटाची बांधील नसलेली माणसे मात्र दुर्मिळ आहेत. महाविद्यालय हे गावाला देऊ शकते, आणि नेमके हेच ते देत नाही.

विद्यार्थ्यांनी मोजणी करावी, ही कल्पना परकी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हेरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कानिटकरांसमवेत जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली आली. केवळ स्वतःच्या शेतीवर बहुसंख्य कुटुंबांचे पोट भरू शकत नाही, हे त्या पाहण्यांनी आकड्यांनिशी दाखविले, आणि खेडे म्हणजे स्वयंपूर्ण सुखी समाज ही भाबडी समजूत मोडली. पुढे धनंजयराव गाडगीळ आणि गोखले संस्था यांनी ती परंपरा वाढविली. शंभर वर्षांपूर्वी प्राचार्यांनी जे केले, ते आज प्रत्येक महाविद्यालयाच्या शंभर विद्यार्थ्यांच्या तुकडीला सहज करता येईल.

मोजणीनंतर नियम यावा लागतो, आणि त्याचेही उदाहरण बारामतीच्या शेजारीच आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन १९७४ साली प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम समाजवादी कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. उसासारखे पाणीपिऊ पीक नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा, म्हणजे योजना सरकारची न राहता त्यांची होते. पाणी पंचायतीचा विस्तार अपेक्षेइतका झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. पण गावातली माणसे एकत्र बसून पाण्याचे न्याय्य वाटप ठरवू शकतात, हे तिने सिद्ध केले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची शिस्त लावून घेतली. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेने श्रमदानाची मोठी लाट आणली, आणि काही वर्षांनी त्याच संस्थेला पाणी अडविण्याकडून शेतकरी गटांच्या आणि पिकांच्या नियोजनाकडे वळावेसे वाटले. सर्वांचा अनुभव शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो. पाणी अडविणे हा कामाचा पूर्वार्ध आहे आणि वाटणे हा उत्तरार्ध. विद्यार्थ्यांची शिबिरे पूर्वार्धातच समाप्त होतात.

येथे कोणी म्हणेल की, पोरांना या भानगडीत कशाला ओढता? स्वच्छता करावी, झाडे लावावीत, घरी जावे. या आक्षेपाला गाडगेबाबांच्या जीवनाने उत्तर दिलेले आहे. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री गावालाच प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालीत नाही, माणसाला शिवून घेत नाही तो देव कसला? खराट्याने त्यांना तो प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवून दिला होता, आणि प्रश्नाने खराट्याला अर्थ आला होता. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते, तेव्हा विद्यापीठाचे स्वयंसेवक मार्ग स्वच्छ ठेवण्यासाठी राबतात. उत्तम गोष्ट आहे. परंतु पालखी पुढे गेल्यावर तोच मैलाकचरा वर्षभर कोण उचलतो, कोणत्या जातीचा माणूस उचलतो, त्याला ग्रामपंचायत किती पगार देते, हे त्या स्वयंसेवकांनी विचारले, तर गाडगेबाबांचा वारसा पुरा होईल. एरवी उरतो तो नुसता खराटा.

तेव्हा करावयाचे काय? चार गोष्टी सुचविता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे, दरवर्षी नवे गाव ही पद्धत सोडून एका महाविद्यालयाने एका गावाशी किमान तीन वर्षे, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या पदवीच्या काळाइतके, नाते ठेवावे. पहिल्या वर्षी आलेली मुले तिसऱ्या वर्षी तेथे परत आली, की आपण घातलेला बांध टिकला की वाहून गेला हे त्यांना पाहावेच लागेल. जबाबदारीचे शिक्षण यापेक्षा दुसऱ्या कोणत्या मार्गाने होते?

दुसरी गोष्ट, फावडे उचलण्यापूर्वी वही उघडावी. दसऱ्याला, संक्रांतीला आणि अक्षय्य तृतीयेला गावातील प्रत्येक विहिरीची पाणीपातळी दोरीला वजन बांधून मोजावी. कोणाची किती जमीन भिजते, कोणते पीक किती पाणी घेते, कोणत्या वस्तीवर बाया किती अंतरावरून पाणी आणतात, याची नोंद करावी. याला कोणतेही अनुदान लागत नाही. या मोजणीत मुलींना आघाडीवर ठेवावे, कारण पाण्याचा खरा हिशेब घरातल्या बाईपाशी असतो आणि ती तो परक्या पुरुषाला सांगत नाही. याच वहीत ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचेही पान असावे. दर हंगामात बीड, अहिल्यानगरकडून हजारो जोडप्यांचे कोयते या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यांच्या मुलांची शाळा सुटते आणि त्यांचे नाव येथल्या कोणत्याच ग्रामपंचायतीच्या यादीत नसते. गावाच्या हद्दीत राहून गावात न मोजली जाणारी ही माणसे विद्यार्थ्यांनी मोजली नाहीत, तर कोण मोजणार?

तिसरी गोष्ट, ही वही ग्रामसभेत वाचली जावी. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. रोजगाराच्या कामांच्या सामाजिक अंकेक्षणाची कल्पनाही ग्रामसभेभोवतीच बांधली गेली. ही हत्यारे गंजत पडली आहेत. बांध कोठे घालावयाचा हे सरपंचाने एकट्याने न ठरविता ग्रामसभेने ठरवावे, आणि त्याच बैठकीत पाणी उपशाचा नियमही लिहून घ्यावा. नियम ठरत नसेल, तर विद्यार्थ्यांनी नम्रपणे सांगावे की, आम्ही मोजणी करू, वर्ग घेऊ, पण बांध घालणार नाही. या नकारात जे शिक्षण आहे ते शंभर व्याख्यानांत नाही.

चौथी गोष्ट, नेतृत्व खरोखरच विद्यार्थ्यांचे असावे. गाव कोणते, काम कोणते, अहवालात काय लिहावयाचे, हे आज वरून ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाचे प्रकल्प अभ्यासक्रमात आले आणि त्यांना श्रेयांक मिळू लागले. यात संधी आहे तसा धोकाही आहे. श्रेयांकासाठी केलेली सेवा ही लवकरच एकमेकांच्या अहवालाची नक्कल होते. नकलेला एकच उतारा आहे. अहवाल परीक्षकापुढे ठेवण्यापूर्वी, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्या गावापुढे वाचावा. गाव खोट्या आकड्याला हसते, आणि ते हसणे कोणत्याही गुणांपेक्षा परिणामकारक असते.

यातील अडचण लपविण्यात अर्थ नाही. पश्चिम महाराष्ट्रात शिक्षणसंस्था, साखर कारखाने, बँका आणि पंचायती यांच्या कारभारात पुष्कळदा तीच घराणी आणि त्यांचेच सोयरे आढळतात. वसतिगृह त्यांच्या देणगीतून उभे राहते, प्राध्यापकाची नेमणूक त्यांच्या सहीने होते, आणि विद्यार्थ्याच्या बापाचा ऊस त्यांच्या कारखान्याला जातो. अशा स्थितीत पाण्याचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आपल्या बापाच्या ऊसतोडीची पाळी धोक्यात घालीत असतो. त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे सोपे आहे, पण त्याला एकटे सोडणे हा अपराध होईल. दुसरेही ध्यानात घ्यावे. याच संस्थांनी शेतकऱ्याच्या, धनगराच्या, दलिताच्या मुलाला आणि मुलीला पदवीपर्यंत नेले. बारामतीला १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले नसते, तर खेड्यातील कितीतरी मुलांना पुण्याला जाऊन शिकणे परवडले नसते. साठीच्या दशकाच्या अखेरीस याच तालुक्यात धान्याच्या मोबदल्यात काम देऊन पाझर तलाव खोदले गेले आणि त्या कामातून १९७१ साली कृषी विकासाची संस्था उभी राहिली, हेही विसरता येत नाही. म्हणून भूमिका शत्रुत्वाची नको. ज्या संस्थेने शिकविले, तिच्या पुढे शिकलेल्या माणसासारखे उभे राहून प्रश्न विचारावयाचा आहे.

आता राहिला कार्यकर्त्यांचा भाग. शिबिरावर पक्षाचा झेंडा लावण्याचा मोह त्यांनी टाळावा. झेंडा लागला की पालक मुलीला पाठवीत नाहीत आणि गावातला दुसरा गट दार लावून घेतो. त्यांचे काम शिबिर संपल्यावर सुरू होते. विद्यार्थी सात दिवसांनी जातात. वर्षातले उरलेले दिवस ग्रामसभेचा ठराव अमलात येतो की नाही हे पाहणारा, कोपीवरच्या मुलाला शाळेत नेणारा, हजेरीपटासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारा माणूस गावात असावा लागतो. आणि प्रश्न विचारल्याबद्दल एखाद्या मुलाच्या घरचा ऊस वाळू लागला, तर त्याच्या बापाबरोबर कारखान्याच्या दारात जाऊन बसणाराही तोच असावा लागतो.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन प्रतीके ठेवली होती. विधायक काम, लोकशाही मार्ग आणि अन्यायाचा प्रतिकार ही तिन्ही एकाच माणसात असावीत, हा त्यांचा आशय. विद्यार्थ्यांच्या हाती आज आपण त्यांतले फक्त फावडे दिले आहे, आणि तेही कोठे चालवावयाचे हे दुसऱ्यांनी ठरवून. त्याच्या जोडीला मोजणीची वही आणि ग्रामसभेतील शब्द द्यावा. नीरेच्या कालव्याखालच्या गावातली मुलगी आणि त्या कालव्याच्या वरच्या कोरड्या गावातला मुलगा महाविद्यालयात एकाच बाकावर बसतात. दोघांच्या गावांत अंतर काही मैलांचेच आहे, परंतु पाण्याने ते फार मोठे केले आहे. त्या दोघांनी येत्या संक्रांतीला एकमेकांच्या गावी जाऊन दोन्हीकडच्या विहिरी एकाच दोरीने मोजाव्यात आणि ते आकडे दोन्ही ग्रामसभांपुढे ठेवावेत. पुढच्या शिबिराचा बांध त्यानंतर घालता येईल.